कुबलबाईंचं शिबिर

कुबलबाई शुद्ध मराठी फक्त रागावल्यावर बोलत. एरवी वर्गात, मैदानावर, मुख्याध्यापकांच्या खोलीत, अगदी शिक्षणाधिकारी तपासणीला आले तरी त्यांची मालवणी सुटायची नाही. "सायब, खुर्चेर बसा, उभे कित्याक?" असं त्या साहेबालाही म्हणत. पण एखाद्या मुलाला त्या "आपण जरा इकडे येता का?" म्हणाल्या, की अख्खं मैदान गप्प व्हायचं. त्या मुलाचं आता काही खरं नाही, हे सगळ्यांना कळायचं.

मी नांदगावची. डी.एड. करून मालवणजवळच्या त्या शाळेत लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. बाई शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, माझ्यापेक्षा दुपटीहून मोठ्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पुरुषासारखे रुंद खांदे, घट्ट अंबाडा, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी. लग्न त्यांनी केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये कुणीतरी हळूच म्हणालं होतं, की कुबलबाईंनी मंगळसूत्राच्या जागी शिट्टी बांधली आहे. ते बाईंच्या कानावर गेलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे त्याच सगळ्यांना सांगत सुटल्या.

एप्रिल संपता संपता त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"मे म्हयन्यात काय करतलंस गो?"

"घरी जाणार, बाई. नांदगावला."

"थंय काय आसा? धा दिवस मागसून जा. शिबिराक माणूस व्हया."

त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्यानंतर मी त्या शाळेत होते तोवर माझ्या मे महिन्याचे पहिले दहा दिवस शिबिराचे.

शिबिर माझ्या आधी बऱ्याच वर्षांपासून चालत होतं. जुन्या मुख्याध्यापकांनी ते सुरू केलं तेव्हा त्यात फक्त मुलगे असत. सुरूच्या बनात दोन तंबू, पहाटे कवायत, संध्याकाळी लेझीम, रात्री देशभक्तीची गाणी. समुद्र पन्नास पावलांवर, पण पाण्यात जायला बंदी. कुबलबाई तिथे मदतनीस म्हणून आल्या आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी विचारलं, "पोरांका दर्या नुसतो दाखवूक हाडलास काय?" त्यांचे वडील रापणकर. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या त्या माणसाने एकुलत्या एका मुलीला लहानपणीच पोहायला शिकवलं होतं, तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू न देता. त्यामुळे मुलांना पाण्यात उतरवण्याचं काम बाईंकडे आलं आणि मुख्याध्यापक निवृत्त झाल्यावर अख्खं शिबिरच आलं.

मग त्यांनी मुली आणल्या. मुलींना शिबिरात घ्यायला कुणाची हरकत नव्हती. त्यांनी रांगोळ्या काढाव्यात, समूहगीत म्हणावं आणि वाळूत बसून मुलग्यांचं पोहणं बघावं, इतकंच संस्थेचं म्हणणं होतं. मुलींनाही पाण्यात उतरवते म्हटल्यावर अध्यक्षांनी बाईंना घरी बोलावून विचारलं, "ते ठीक आहे हो, पण मुली पाण्यात घालणार काय?" बाई तिथून तडक बाजारात गेल्या. गडद निळं ड्रिलचं कापड आणून त्यांनी स्वतःच्या मशीनवर गुडघ्याखालपर्यंत विजार आणि कोपरापर्यंत बाह्यांचा लांब सदरा शिवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेश घालून, वरून काहीही न पांघरता, देवळासमोरच्या रस्त्याने चालत त्या अध्यक्षांच्या पडवीत जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्या घालतली. नीट बघून घेवा. काय दिसता काय?"

अध्यक्ष आढ्याकडे बघत राहिले म्हणे. आढ्याकडे बघतच त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली. ही सही पुढे मी स्वतः फायलीत पाहिली आहे. ती ओळीच्या बरीच खाली, तिरकी झाली आहे.

शिबिरात देऊळवाडीतली मुलं असत, बाजारपेठेतली असत, किनाऱ्यावरच्या मासेमार घरांतली असत आणि मे महिन्यात गावी आलेल्या मुंबईकरांचीही असत. जेवायला बसवताना बाई नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे पंगत लावत. त्यामुळे कोण कुणाशेजारी येईल याचा नेम नसे. एकदा देऊळवाडीतल्या एका आजीबाईंनी नातवासाठी घरून वेगळा डबा पाठवायला सुरुवात केली. बाईंनी काही विरोध केला नाही. डबा आला की त्या पंगतीच्या टोकाला बसून स्वतःच तो उघडत आणि मोठ्याने दाद देत खात. "काकींच्या हाताक काय चव आसा!" नातू शेजारच्या पोरांबरोबर भात-आमटी ओरपत असे. चार दिवसांनी आजी स्वतः आल्या. आता भांडण होणार म्हणून मी तंबूत सटकले. बाहेर आले तर दोघी सुरूच्या बुंध्याशी बसलेल्या. आजी सांगत होत्या, "पोराचं राहू दे हो. तुमच्यासाठी म्हणून उद्या घावणे पाठवते."

पहिल्या दिवशी बाई सगळ्यांना गोल बसवून एकच प्रश्न विचारत, "तुका कसली भीती वाटता?" मुलं लाजत. मग बाई स्वतःपासून सुरुवात करत. "माका पालीची." मुलं हसत. पण ते खोटं नव्हतं. भिंतीवर पाल दिसली म्हणून खोलीबाहेर पळालेल्या बाईंना मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला हाकलल्याशिवाय त्या आत आल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की बाकीच्यांची तोंडं उघडत. काळोखाची, गणिताची, बापाची, पाण्याची. ज्याला पाण्याची भीती वाटते त्याला त्या म्हणत, "बरा आसा. ज्याका भीती नाय, त्येका मी पाण्यात नेणंय नाय."

पोहायला शिकवताना त्या हातपाय मारणं शेवटी शिकवत. आधी पाठीवर तरंगायचं. मुलाच्या पाठीखाली तळहात धरून त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहत आणि काहीबाही बोलत राहत. तुझ्या आवशीने, म्हणजे आईने, आज जेवायला काय केलं असेल, तुमच्या फणसाला यंदा किती लागले. त्या बोलण्याच्या नादात हात कधी निघाला ते मुलाला कळायचं नाही. आणि एक नियम होता, तो कुणासाठीही मोडायचा नाही. सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, की पाण्यात कुणी उतरायचं नाही. त्या वेळी पाणी माणसाला आत ओढतं. मुंबईची मुलं शिबिराहून परत जाताना दुसरं काही विसरली तरी हा एक शब्द घेऊन जात.

हा नियम मोडला तो बाईंनीच. त्या दिवशी मी तिथे होते.

माझं चौथं किंवा पाचवं शिबिर असेल. रविवारी पालकांना बोलावलं होतं. मुली पाठीवर तरंगत ओळ करून गोल फिरतील, असा कार्यक्रम बाईंनी बसवला होता. भरती सकाळी आठला पुरी होणार म्हणून वेळ साडेसातची ठेवली होती. पण संस्थेची मंडळी आणि त्यांच्याबरोबरचे पाहुणे जीपने आले तेव्हा दहा वाजून गेले होते. खुर्च्या मांडल्या, शहाळी फोडली, हार झाले. पालक ऊन डोक्यावर घेऊन ताटकळत उभे होते. त्यांच्यात मुंबईहून आलेली एक बाई होती, नाव लता. नवरा गोदीत कामाला, सासर आमच्याच गावचं. तिची बारा वर्षांची सुजाता त्या वर्षी पहिल्यांदाच शिबिरात आली होती. मुलगी पोहणार म्हणून लतावहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या.

वैजू तांडेल बाईंची जुनी विद्यार्थिनी. तेव्हा ती कॉलेजात होती आणि शिबिरात मुलींना शिकवायला यायची. ती पाण्याजवळून धावत आली.

"बाई, सुकती लागली. आता नको."

बाईंनी पाण्याकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत अध्यक्ष बसले होते, तेच, आढ्याकडे बघणारे.

"धाच मिन्टां," बाई म्हणाल्या. "कडेकडेन."

मुली उतरल्या. निळे सदरे फुगून पाण्यावर आले. ओळ सुंदर झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच ओळीचं एक टोक लांब जाऊ लागलं. बाईंची शिट्टी वाजली आणि मुली उलटून किनाऱ्याकडे आल्या. एक आली नाही. ओळीच्या त्या टोकाची सुजाता पाठीवर होती तशीच, आभाळाकडे बघत, आत आत चालली होती.

वैजू झेपावली. तिच्यामागून बाई, बुटांसकट. लोक उठले, खुर्च्या पडल्या, पुरुष गुडघाभर पाण्यात जाऊन ओरडू लागले. लतावहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मी त्यांचा दंड धरून उभी होते. 

वैजू सुजातापर्यंत पोचली, पण त्या ओढीतून तिला घेऊन परतणं तिला जमेना. शहाणी पोर, तिने पाण्याशी झुंज घेतली नाही. मुलीला धरून तीही तरंगत राहिली. बाई निम्म्यातच दमल्या होत्या. मासेमारीची एक होडी परत येत होती, तिने आधी पोरींना आणि मग बाईंना उचललं. सुजाताचे ओठ निळे पडले होते. पोटात पाणी गेलं होतं. वाळूत पालथं घालून ते काढलं, तेव्हा ती रडली आणि मग आईचा आवाज फुटला. एक दिवस दवाखान्यात ठेवून मुलीला घरी सोडलं. तिला काही झालं नाही. पण बाजारात, एस.टी. स्टँडवर, देवळात एकच बोलणं. मुलींना कशाला लागतं पोहणं?

चौथ्या दिवशी संस्थेची बैठक झाली. अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं. नवे मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते, त्यांना बाईंना वाचवायचं होतं. ते म्हणाले, "मुलगी सूचना न ऐकता ओळ सोडून गेली, असं नोंदवू. तिचे वडील तक्रार करणार नाहीत असं वाटतंय. विषय इथेच संपवू."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी लिहायला सुरुवात केली.

"थांबा," बाई उठून उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या जे बोलल्या ते एकूण एक शुद्ध मराठीत. त्या इतक्या रागावल्या होत्या, पण कुणावर, ते ऐकताना कळत गेलं. "मुलीने एकही सूचना मोडलेली नाही. पाणी ओढायला लागलं तर तरंगत राहा सांगितलं होतं, ती तरंगत राहिली, म्हणून जगली. ओहोटी लागली होती. वैजयंतीने मला तसं सांगितलं होतं. मला ते स्वतःलाही दिसत होतं. पाहुणे बसले होते आणि मला माझ्या मुली त्यांना दाखवायच्या होत्या. म्हणून मी त्यांना पाण्यात उतरवलं. चूक माझी आहे."

"बाई, हे लिहून ठेवायची गरज नाही," अध्यक्ष म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला.

"लिव गो. सगळा लिव."

मी लिहिलं.  मग बाईंनी ते वाचून खाली सही केली. शिबिर पुढील निर्णयापर्यंत बंद ठेवण्याचा ठराव झाला.

ते वर्ष बाईंनी कसं काढलं ते मी जवळून पाहिलं. शिबिरातल्या प्रत्येक मुलीच्या घरी त्या गेल्या. कधी मी बरोबर असे. बसायला पाट दिला की त्या पाटावर न बसता उभ्यानेच सगळं सांगत, जसं बैठकीत सांगितलं तसंच, फक्त मालवणीत. "मी चुकलंय. तुमच्या चेडवाची काय्येक चूक नाय." आचऱ्याला एका बापाने त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. परतीच्या वाटेवर मी चिडून काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या, "त्येचा बरोबर आसा. मी त्येच्या जागेर असतंय तर काठी घेतलंय असतंय."

दिवाळीच्या सुट्टीत त्या मुंबईला सुजाताच्या घरी जाऊन आल्या. काय झालं ते मला त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. "चाय दिली. बापूस उठान भायर गेलो. आवस म्होरे बसली, पण बोलली नाय."

मग मे महिना आला आणि शिबिर नव्हतं. सुरूच्या बनात वारा तेवढा होता. मी त्या वर्षीही नांदगावला उशिरा जायचं ठरवलं. कारण कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एका सकाळी मी बाईंच्या घरी गेले. त्या हाताला तेल लावून पडवीत कापा फणस कापत बसल्या होत्या. मी गरे सोडवू लागले. तेवढ्यात बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, कुणीतरी येऊन उभं राहिलं. लतावहिनी होत्या. एकट्याच.

बाई उठल्या. तेलकट हात अंगापासून लांब धरून तशाच उभ्या.

"येवा. सुजाता बरी आसा मा?"

"बरी आसा. भायर बापाशीवांगडा आसा." रस्त्यापलीकडे सुजाता वडिलांबरोबर उभी होती. लतावहिनी आत आल्या नाहीत, तिथूनच बोलल्या. "बाई, माझा म्हायेर देवगडाक, अगदी दर्याकडे. जन्म थंय गेलो, पण घोट्याच्या वर पाणी माका ठावक नाय. त्या दिवशी माझा चेडू माझ्या डोळ्यांदेखत जाय होता आणि मी वाळयेर उभी. वर्षभर माका त्याच दिसता. चेडू बुडता ता नाय दिसणा. मी उभी आसंय, ता दिसता."

लतावहिनींनी बेड्याचा बांबू घट्ट धरला.

"माका पोहूक शिकयशात?"

मला वाटलं बाई रडणार. त्या रडल्या नाहीत. त्यांनी आभाळाकडे पाहून मनात काहीतरी हिशेब मांडला. तिथीवरून भरतीचा असणार.

"फाल्यां सकाळी साडेसातांक येवा," त्या म्हणाल्या. "लुगडा नको. कापडां मी देतंय."

दुसऱ्या दिवशी पाण्यात दोघीच होत्या आणि किनाऱ्यावर मी. लतावहिनींना बाईंचा निळा वेश घट्ट होत होता. पाणी गुडघ्याला लागताच त्या किंचाळल्या आणि बाईंच्या गळ्यात पडल्या. दोघी आपटल्या. त्या दिवशी तेवढंच झालं. तिसऱ्या दिवशी शेजारची एक वहिनी बघायला म्हणून आली आणि पाय भिजवून गेली. मग मासेवाल्या दोघी-तिघी आल्या. त्यांची सगळी हयात समुद्राच्या जिवावर गेली होती, पण पोहायला त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. सातव्या दिवशी तोंडावर पदर ओढून आणखी एक बाई आल्या. त्यांनी पदर काढला तेव्हा कळलं, अध्यक्षांच्या पत्नी! "ह्यांना सांगू नका," त्या मला म्हणाल्या. सगळ्या गावाने ती बातमी दुपारपर्यंत त्यांच्या 'ह्यां'ना सांगितली.

दहाव्या दिवशी लतावहिनी पाठीवर तरंगल्या. फार तर वीस आकडे मोजेपर्यंत. त्यांचे यजमान लांब सुरूच्या झाडाखाली उभे होते, वर्षभर बाईंशी एक शब्द न बोललेले. ते त्या दिवशीही बोलले नाहीत. पण सुजाताचा हात त्यांनी सोडला आणि ती निळा सदरा न घालता, फ्रॉकवरच पाण्यात पळाली.

पुढच्या मेमध्ये शिबिर पुन्हा भरलं. ते पुन्हा सुरू करण्याच्या ठरावाला विरोध करायला कुणी उरलं नव्हतं. ज्यांनी करायचा त्यांच्या घरातल्या बायका यादीत होत्या. मुलांच्या आधी सकाळचा एक तास बायकांचा, ही चाल तेव्हापासून पडली. आणखी एक बदल बाईंनी स्वतः केला. वैजूच्या गळ्यात दुसरी शिट्टी आली. ती वाजली की सगळ्यांनी बाहेर यायचं, कुबलबाईंनीसुद्धा, आणि का ते विचारायचं नाही. वैजूने पहिल्याच वर्षी ती दोनदा वाजवली. मला वाटतं, एकदा तर उगाचच. बाई मुकाट बाहेर आल्या.

आणि पहिल्या दिवशीच्या त्या गोलात, पालीचं सांगून झालं की बाई मुलांना त्या रविवारची गोष्ट सांगत. दरवर्षी. नावं न बदलता, स्वतःला कुठे न वाचवता. मी एकदा म्हटलं, "बाई, लहान मुलं आहेत. तुमच्यावरचा विश्वास उडेल त्यांचा."

"उडूंदे वाईच," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसाचा चुकता, ह्या तेंका कळाक व्हया. मगे ती आपली आपण पाण्याकडे बघतली."

दशक संपत आलं तेव्हा बाई निवृत्त झाल्या. माझी त्याआधीच नांदगावच्या बाजूला बदली झाली होती. पत्रं लिहायचा बाईंना कंटाळा. त्यामुळे त्यांची खबर येणाऱ्याजाणाऱ्याकडून मिळे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नांदगावच्या तिठ्यावर. मे महिन्यातली सकाळ होती. मालवणहून मुंबईला जाणारी एस.टी. हॉटेलसमोर थांबली होती, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले होते. मी भाजी घेऊन चालले होते, तर खिडकीतून हाक आली, "गो ऽऽ!" बाई. केस पांढरे झालेले, चष्म्याची एक काच धुरकट. मोतीबिंदू काढायला भावाकडे मुंबईला निघाल्या होत्या.

"पण बाई, शिबिर चालू असेल ना आत्ता? आणि तुम्ही इथे?"

"चालू आसा. कालच सुरू झाला. वैजू बघता सगळा."

"तुम्हाला बोलावलं नाही?"

"बोलयलान, उद्घाटनाक. नारळ फोडलंय आणि घराकडे इलंय."  खिडकीच्या गजावर त्यांची बोटं होती. "तुका खरा सांगतंय. आदी आठ दिस मी पडयेर बसान ऱ्हवलंय. म्हटला, कोणतरी इचारूक येतला. भरती कधी, पोरां खंय झोपवूची, जेवणाचा काय. रोज कान देवन बसा होतंय. कोणच इलो नाय."

 "वाईट वाटलं असेल."

"वाटला. दोन दिस जेवणंय नाय मी." मग त्या एकदम हसल्या, तोंडभर, मैदानावर हसत तशा. "मगे डोक्यात उजेड पडलो. अगो, इचारूक येणत नाय म्हणजे तेंका येता. मी शिकयलेला तेंका सगळा येता!"

कंडक्टरने घंटी मारली. मी भाजीच्या पिशवीतून दोन काकड्या काढून घाईघाईने त्यांच्या हातात दिल्या. "पोचल्यावर पत्र टाका," मी म्हटलं. ते त्या टाकणार नाहीत हे दोघींनाही ठाऊक होतं. गाडी हलली. बाईंच्या पुढच्या खिडकीतून कुणा अनोळखी मुलीचा हात कोपरापर्यंत बाहेर लोंबत होता, बाजूने ट्रक येत होता. बाईंनी आपल्या खिडकीतून हात बाहेर काढून तो हात मनगटाशी पकडला आणि आत ढकलला. मुलीने चमकून मागे पाहिलं. बाई तिला काहीतरी सांगू लागल्या होत्या, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांचं ते सांगणं चाललेलं मला दिसत होतं.